विल्यम स्मिथ क्लार्क यांची कागदपत्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानमधल्या साप्पोरोला जाऊन त्यांचा पुतळा बघून आलेले लोक, शेती शिक्षणाच्या इतिहासावर प्रोजेक्ट करणारी मुलं, आणि नुसतीच जुनी पत्रं वाचायची आवड असलेले, सगळे फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. वरपासून खालपर्यंत वाचायलाच पाहिजे असं नाही, तुमचा प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा, पण साप्पोरोचा भाग मात्र सोडू नका.

हे क्लार्क कोण, आणि त्यांच्या कागदांचं एवढं काय?

विल्यम स्मिथ क्लार्क, जन्म १८२६, गाव ॲशफील्ड, अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स राज्य. ॲमहर्स्ट कॉलेजात शिकले, मग जर्मनीत ग्योटिंगेनला जाऊन १८५२ साली केमिस्ट्रीत डॉक्टरेट केली, विषय होता धातूच्या उल्का. परत येऊन ॲमहर्स्टमध्येच शिकवायला लागले, मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात लढले, कर्नल झाले, आणि १८६७ ते १८७९ मॅसॅच्युसेट्स ॲग्रिकल्चरल कॉलेजचे प्रेसिडेंट होते. तेच कॉलेज १९३१ मध्ये स्टेट कॉलेज झालं आणि १९४७ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ मॅसॅच्युसेट्स. प्रेसिडेंट असतानाच १८७६-७७ मध्ये ते जपानला गेले आणि होक्काइदो बेटावर साप्पोरो ॲग्रिकल्चरल कॉलेज सुरू करून दिलं, ते आजचं होक्काइदो विद्यापीठ.

आता कागदांचं काय, तर त्या काळात शेती कॉलेजात शिकवायचं तरी काय हेच कुणाला पक्कं ठाऊक नव्हतं. ठरलेला सिलॅबस नाही, शेतकऱ्यांना वाटायचं पोराला नांगर धरायला शिकवायला कॉलेज कशाला हवं, जुन्या कॉलेजांतल्या प्रोफेसर मंडळींना वाटायचं शेण-खत हा काय शिकायचा विषय आहे, आणि विधिमंडळ दरवर्षी पैशावरून हात आखडता घ्यायचं. या सगळ्यांतून वाट काढत कॉलेज कसं चाललं हे भाषणांत सापडत नाही, ते पत्रांत, वार्षिक अहवालांत, बियाण्यांच्या आणि जनावरांच्या नोंदींत सापडतं. मला स्वतःला क्लार्क याच कागदांमुळे कळले, पुतळ्यामुळे नाही.

पहिले प्रेसिडेंट की तिसरे? दोन्ही लिहिलेलं दिसतं.

आकड्याने तिसरे. पण पहिले, हेन्री फ्लॅग फ्रेंच, १८६४ ते ६६ होते आणि बिल्डिंगा कुठे आणि कशा बांधायच्या या वादात एकही विद्यार्थी यायच्या आत राजीनामा देऊन मोकळे झाले. दुसरे पॉल चॅडबोर्न, तब्येतीमुळे थोड्याच दिवसांत पद सोडून गेले. कॉलेजचे दरवाजे प्रत्यक्षात उघडले ऑक्टोबर १८६७ मध्ये आणि तेव्हा खुर्चीवर क्लार्क होते. म्हणून वर्ग भरलेल्या कॉलेजचे पहिले प्रेसिडेंट ते, असं म्हटलं जातं आणि ते बरोबरच आहे. फक्त तुमच्या प्रोजेक्टमध्ये नुसतं 'पहिले' लिहून सोडू नका, फ्रेंच यांचं नाव एका वाक्यात तरी द्या.

कागद आहेत कुठे? घरबसल्या दिसतात का?

मुख्य संग्रह ॲमहर्स्टला, युनिव्हर्सिटीच्या डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस लायब्ररीत, स्पेशल कलेक्शन्स विभागात. दुसरा मोठा साठा साप्पोरोत, होक्काइदो विद्यापीठाच्या लायब्ररीत, तिथे उत्तरेकडच्या प्रदेशाच्या कागदांचा वेगळा विभाग आहे.

ॲमहर्स्टवाल्यांचा क्रेडो नावाचा डिजिटल संग्रह आहे, तो ओपन आहे, लॉगिन नाही, पैसे नाहीत, मोबाइलवरसुद्धा चालतो पण पत्राचं अक्षर मोबाइलवर झूम करून वाचताना डोळ्यांचं पार वाटोळं होतं, त्यामुळे लॅपटॉप घ्या. सगळंच स्कॅन झालेलं नसतं हे लक्षात ठेवा. जे ऑनलाइन नाही त्याच्यासाठी आधी फाइंडिंग एड उघडायचं, म्हणजे संग्रहाची यादी, कुठल्या बॉक्समध्ये कुठलं फोल्डर आणि त्यात काय. त्यातून बॉक्स नंबर आणि फोल्डर नंबर उचलायचा आणि मग लायब्ररीला मेल टाकायचा. 'क्लार्कबद्दल सगळं पाठवा' असा मेल टाकलात तर समोरचा माणूस तरी काय करणार? 'अमुक बॉक्स, अमुक फोल्डर, १८७६ ची पत्रं' असं लिहिलंत की उत्तर नीट येतं.

त्या संग्रहात नेमकं आहे काय काय?

बरंच काही. सोबतच्या प्रोफेसरांशी आणि शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार, जपानमधल्या विद्यार्थ्यांशी पत्रं, घरच्यांची पत्रं, २१व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीतल्या नोकरीचे कागद, फोटो, काही वैयक्तिक वस्तू, ऑफिसची पत्रं आणि मेमो, त्यांचे छापलेले लेख. शिवाय त्यांच्यावर नंतर इतरांनी लिहिलेलं, जपानी आणि इंग्रजी दोन्ही, अगदी रेडिओ-टीव्हीच्या कार्यक्रमांचं साहित्यसुद्धा. आणि होक्काइदोत असलेल्या कागदांच्या मायक्रोफिल्म.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण नवीन मुलं हमखास अडकतात. संग्रहाचं नाव 'क्लार्क पेपर्स' असलं तरी त्यातला प्रत्येक कागद क्लार्कने लिहिलेला नाही. काही त्यांना आलेले, काही त्यांच्याविषयीचे, काही ते गेल्यावर कित्येक वर्षांनी जमवलेले. त्यामुळे कुठलाही कागद उघडला की आधी तीन गोष्टी वहीत टिपायच्या: कुणी लिहिला, कुणाला लिहिला, केव्हा लिहिला. मगच मजकुराकडे वळायचं.

आणि प्रेसिडेंटचे वैयक्तिक कागद वेगळे, कॉलेजचे सरकारी कागद वेगळे. कॉलेज दरवर्षी राज्याला अहवाल द्यायचं, ते अहवाल छापलेले आहेत, स्कॅनही मिळतात. पैसे किती आले, पोरं किती, शेतावर काय लावलं, हे तिथे बघा. पत्रांत शोधत बसू नका.

'बॉइज, बी ॲम्बिशस' हे त्यांच्या कुठल्या पत्रात आहे?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. जपानमध्ये शाळेतल्या पोरालाही हे वाक्य माहीत असतं. गोष्ट अशी सांगतात की १६ एप्रिल १८७७ ला क्लार्क साप्पोरोहून निघाले, विद्यार्थी घोड्यांवरून शिमामात्सुपर्यंत सोडायला आले, निरोप घेताना त्यांनी घोड्यावरूनच हे वाक्य म्हटलं आणि टाच मारून निघून गेले.

वाक्याचा पुरावा म्हणाल तर त्या दिवशी लिहिलेल्या कागदाचा नाही. छापील उल्लेख दिसतो तो बऱ्याच वर्षांनी, १८९० च्या दशकात, साप्पोरोच्या विद्यार्थ्यांच्या मासिकात, आणि तिथेही वाक्य आहे 'मुलांनो, या म्हाताऱ्यासारखे महत्त्वाकांक्षी व्हा' अशा अर्थाचं. पुढे कुणी त्याला शेपूट जोडलं, पैशासाठी नव्हे, कीर्तीसाठी नव्हे वगैरे, ते तर आणखी नंतरचं.

मग ते म्हणालेच नाहीत का? असं म्हणायचं कारण नाही. सोडायला गेलेली मुलं तेव्हा हयात होती, त्यांच्या आठवणीत ते होतं आणि तोंडोतोंडी पुढे गेलं. पण 'क्लार्क लिहितात की' असं तुम्ही लिहिलंत तर ते चूक आहे. 'विद्यार्थ्यांच्या आठवणीनुसार' असं लिहा. मला यातला 'या म्हाताऱ्यासारखे' हा तुकडा फार खरा वाटतो, कारण पन्नाशीच्या माणसाने निघता निघता पोरांना सहज म्हणावं तसा तो आहे, आणि नेमका तोच तुकडा पुढे गळून गेला.

साप्पोरोच्या काळातलं काय वाचावं? सगळं वाचायला वेळ नाही.

कॉलेजचा पहिला वार्षिक अहवाल, १८७७ चा, इंग्रजीत छापलेला आहे, तिथून सुरू करा. क्लार्क साप्पोरोत होते जेमतेम ८ महिने. १४ ऑगस्ट १८७६ ला कॉलेजचं उद्घाटन, पुढच्या एप्रिलमध्ये परत. या ८ महिन्यांत अभ्यासक्रम बसवला, कॉलेजचं शेत उभं केलं, ॲमहर्स्टच्या धर्तीवर मोठा गोठा बांधायला घेतला, तो गोठा आजही विद्यापीठाच्या आवारात उभा आहे. सोबत त्यांनी आपलेच दोन माजी विद्यार्थी आणले होते, विल्यम व्हीलर आणि डेव्हिड पेनहॅलो, आणि ते परत गेल्यावर काम या दोघांनी सांभाळलं, नंतर विल्यम ब्रुक्स आले. साप्पोरोचा प्रसिद्ध क्लॉक टॉवर मुळात या कॉलेजचा कवायतीचा हॉल, १८७८ चा, त्याच्या मागे व्हीलर. सगळं श्रेय एकट्या क्लार्कना देणारे लेख भरपूर आहेत, पण कागद बघितले की या तीन तरुणांचं काम डोळ्यांत भरतं आणि ते फारसं कुणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

क्लार्कना बोलावणारं खातं होतं काइताकुशी, म्हणजे होक्काइदो वसवायचं सरकारी खातं, आणि त्याचे प्रमुख कुरोदा कियोताका. क्लार्क आणि कुरोदा यांचं सगळ्याच बाबतीत पटायचं असं नाही, विशेषतः मुलांना बायबल शिकवायचं की नाही यावरून चांगलीच ताणाताणी झाली.

कागदाबाहेरची एक गोष्टही बघा. एका हिवाळ्यात क्लार्क मुलांना घेऊन बर्फातून तेइने डोंगरावर गेले. वर एका झाडावर उंच दगडफूल दिसलं, आपण मसाल्यात घालतो त्याच जातकुळीतलं. हात पोचेना. तेव्हा हे कॉलेजचे प्रमुख बर्फात चार पायांवर ओणवे झाले आणि एका विद्यार्थ्याला म्हणाले, पाठीवर चढ आणि काढ. जपानी मुलगा, गुरूच्या पाठीवर पाय कसा देणार, तो बूट काढायला लागला तर म्हणाले बुटासकट चढ. विद्यार्थ्यांनी नंतर सांगितलेली आठवण आहे ही. पण तो नमुना पुढे ॲमहर्स्टला टकरमन नावाच्या दगडफुलांच्या जाणकारांकडे गेला आणि त्यांनी त्याला क्लार्क यांचं नाव दिलं, हा भाग वनस्पतिशास्त्राच्या नोंदीत पक्का आहे. म्हणजे एखाद्या माणसाचा आर्काइव्ह हा फक्त पत्रांच्या बॉक्समध्ये नसतो, हर्बेरियममध्येही, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातही असतो.

भोपळ्याने सव्वादोन टन वजन उचललं ही थाप आहे ना?

थाप नाही. १८७४ चा प्रयोग आहे, कॉलेजच्या ग्रीनहाऊसमध्ये केलेला, आणि त्याचं सगळं वर्णन छापलेलं आहे. वाढणाऱ्या भोपळ्याभोवती लोखंडी पट्ट्यांचं कडं बसवलं, वर तरफ लावली आणि तरफेवर वजनं टाकत गेले. भोपळा वाढायचा तसं वजन वर उचललं जायचं. भोपळ्याला भेगा पडायच्या, त्यातून रस यायचा, त्या भरून यायच्या आणि तो पुन्हा वाढायचा, पट्ट्यांच्या मधून फुगून बाहेर यायचा. शेवटी ५,००० पौंडांपर्यंत गेलं, म्हणजे साधारण २,२७० किलो. त्याचं चित्र आहे, ते नक्की बघा, लोखंडात जखडलेला वेडावाकडा भोपळा, एकदा बघितला की विसरता येत नाही.

आता याचा उपयोग काय असं तेव्हाही लोक विचारायचे. क्लार्कना झाडात रस वर कसा चढतो आणि वाढीचा जोर किती असतो हे मोजायचं होतं. त्याच सुमारास त्यांनी शुगर मेपल, बर्च, द्राक्षवेल अशा झाडांना पाऱ्याचे गेज लावून रसाचा दाब मोजला, मुलांकडून रात्रीसुद्धा नोंदी घेतल्या. त्यांचे सगळे निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. पण शेती कॉलेजातल्या पोरांनी स्वतः मोजायचं, स्वतः लिहून ठेवायचं ही सवय तिथे लागली, आणि भोपळा बघायला आलेल्या गर्दीमुळे जे लोक कॉलेजच्या नावाने बोटं मोडायचे ते एकदा तरी आत येऊन गेले.

जपानी येत नाही. मग काम अर्धवटच राहणार का?

क्लार्क स्वतःही जपानी शिकले नव्हते, साप्पोरोत शिकवणं इंग्रजीतच व्हायचं, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या नोट्स, पत्रं, कॉलेजचे अहवाल यातलं पुष्कळ इंग्रजीत आहे. जपानी लागतं ते सरकारी खात्याच्या आतल्या पत्रव्यवहारासाठी. ते हवं असेल तर जाणकार माणूस गाठा, मशीन ट्रान्सलेशनवर १८७० च्या हस्ताक्षरातल्या जपानीचा भरवसा ठेवू नका.

तारखांचं मात्र सोपं आहे. जपानने १८७३ पासून आपलंच, म्हणजे आज सगळे वापरतात तेच कॅलेंडर घेतलं, त्यामुळे महिना-तारीख जुळते. वर्ष मेइजी असेल तर त्यात १८६७ मिळवा. मेइजी ९ म्हणजे १८७६.

त्यांनी मुलांना ख्रिश्चन केलं असं वाचलं, कागदात काय दिसतं?

मार्च १८७७ मध्ये क्लार्क यांनी स्वतः इंग्रजीत एक करार लिहिला, येशूवर श्रद्धा ठेवणाऱ्यांचा करार, आणि पहिल्या बॅचच्या मुलांनी त्यावर सह्या केल्या. त्याआधी दारू, तंबाखू, अफू सोडायच्या प्रतिज्ञेवर सह्या झाल्या होत्या, त्यात क्लार्क यांचीही सही. पुढच्या बॅचच्या मुलांकडून या करारावर सह्या घेतल्या त्या पहिल्या बॅचच्या सीनियर मुलांनी, क्लार्क तेव्हा अमेरिकेत परत पोचले होते. त्या दुसऱ्या बॅचमध्ये उचिमुरा कान्झो, नितोबे इनाझो आणि मियाबे किंगो होते, तिघंही पुढे जपानमध्ये फार मोठे झाले. उचिमुरांनी तर नंतर स्पष्ट लिहिलंय की सीनियर मुलांनी आपल्याला कसं दाबात घेतलं. म्हणून करार वाचा आणि त्याच्या शेजारी उचिमुरांचं म्हणणंही वाचा. एकच बाजू वाचून 'थोर गुरू' किंवा 'धर्मांतर करणारा' असा शिक्का मारून टाकू नका.

युद्धातली पत्रं शेतीवाल्याने कशाला वाचायची?

कारण कॉलेज चालवायची त्यांची पद्धत तिथून आलीय, घाईची, धाडसाची, पुढे होऊन करायची. मार्च १८६२ मध्ये न्यू बर्नच्या लढाईत त्यांनी शत्रूच्या तोफांवर चाल केली, आणि त्याच दिवशी त्यांचा अ‍ॅडज्युटंट (पलटणीचं कामकाज बघणारा अधिकारी) फ्रेझर स्टर्न्स मारला गेला, ॲमहर्स्ट कॉलेजच्या प्रेसिडेंटचा मुलगा, क्लार्क यांचा विद्यार्थी. जिंकलेली तोफ नंतर त्याच्या आठवणीसाठी ॲमहर्स्ट कॉलेजला दिली. सप्टेंबरमध्ये शँटिलीच्या लढाईनंतर क्लार्क यांचा पत्ताच लागेना, मेले असं समजून इकडे पेपरात बातमी छापून आली, आणि हे जंगलातून वाट काढत परत आले. १८६३ मध्ये त्यांनी सैन्य सोडलं. आणि शेती कॉलेज ॲमहर्स्टलाच आणायचं यासाठी विधिमंडळात जी लढाई केली ती याच्या लगेच नंतरची. गावाने ५०,००० डॉलर उभे केले तेव्हा कुठे कॉलेज ॲमहर्स्टला आलं.

पत्नीची पत्रं आहेत का?

घरचा पत्रव्यवहार संग्रहात आहे. हॅरिएट यांचा जन्म हवाईचा, वडील विल्यम रिचर्ड्स तिथे मिशनरी, पुढे ईस्टहॅम्प्टनच्या विलिस्टन कुटुंबाने त्यांना दत्तक घेतलं, बटणांच्या धंद्यातून पैसा केलेलं घर. १८५३ मध्ये लग्न, ११ मुलं. नवरा युद्धावर, नवरा जपानला, आणि घर यांच्यावर. संशोधकांनी या पत्रांतून नवऱ्याची माहिती काढून घेतली आणि बाईला मात्र बाजूला ठेवलं. कुणाला एमएचा विषय हवा असेल तर हा घ्या, मनापासून सांगतो.

शेवट वाईट झाला असं म्हणतात, ते काय?

जपानहून आल्यावर कॉलेजची परिस्थिती कठीणच होती, कर्ज, कमी झालेले विद्यार्थी. १८७९ मध्ये राजीनामा दिला. जहाजावर फिरतं कॉलेज काढायची योजना होती, ती बारगळली. मग १८८१ मध्ये बॉथवेल नावाच्या माणसाबरोबर न्यूयॉर्कमध्ये खाणींच्या शेअरचा धंदा काढला, आणि १८८२ मध्ये तो बुडाला. त्यात स्वतःचे पैसे गेलेच पण ज्यांनी क्लार्क यांच्या नावावर विश्वास ठेवला त्या गावातल्या ओळखीच्या लोकांचेही गेले. तब्येत खचली, ९ मार्च १८८६ ला ॲमहर्स्टमध्येच वारले. उचिमुरा त्या वेळी त्याच गावात ॲमहर्स्ट कॉलेजात शिकत होते.

चरित्रं या भागावरून पटकन पुढे सरकतात, विशेषतः जपानमधले लेख. माझं मत असं की हा भाग लपवू नये. त्यामुळे साप्पोरोतलं काम कमी होत नाही. आणि ज्यांचे पैसे बुडाले त्यांचंही काही म्हणणं असेलच की, त्या काळच्या स्थानिक पेपरांत ते शोधा.

ही कॉलेजं ज्या जमिनीच्या पैशावर उभी राहिली ती जमीन कुणाची?

हा प्रश्न हल्ली विचारला जातो आणि विचारलाच पाहिजे. १८६२ च्या मॉरिल कायद्याने प्रत्येक राज्याला संसदेतल्या प्रत्येक सदस्यामागे ३०,००० एकर जमीन मिळाली, ती विकायची आणि कॉलेज काढायचं. मॅसॅच्युसेट्सच्या वाट्याला ३,६०,००० एकर आले. राज्यात सरकारी जमीन शिल्लक नव्हती, म्हणून मिळाले कागदी हक्क, आणि त्यांच्या मागची जमीन पश्चिमेकडे, जिथून मूळनिवासी जमातींना हटवलं होतं. त्या पैशातला दहापैकी तीन हिस्सा एमआयटीला गेला, बाकीचा शेती कॉलेजला. होक्काइदोतही तसंच, काइताकुशीने जी जमीन वसवायला घेतली ती तिथल्या मूळच्या आइनू लोकांची. क्लार्क यांचे कागद वाचताना या लोकांचा उल्लेख शोधत राहा, आणि जिथे असायला हवा तिथे नसेल तर तेही टिपून ठेवा.

मराठी माणसाचा याच्याशी काय संबंध?

ओढूनताणून जोडायचा नाही, पण खरे धागे आहेत. डु बॉइस लायब्ररीच्या ज्या विभागात क्लार्क यांचे कागद आहेत त्याच विभागात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना लिहिलेलं पत्र आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वतीने युनोकडे अर्ज जातोय हे कळल्यावर बाबासाहेबांनी त्याच्या प्रती मागवल्या होत्या, अस्पृश्यांसाठी तसंच काही करता येईल का या विचाराने. ३१ जुलै १९४६ चं डु बॉइस यांचं उत्तरही तिथे आहे. दोन्ही क्रेडोवर उघडतात. क्लार्क शोधायला गेलात तर हे आधी वाचा.

दुसरा धागा नितोबेंचा. त्यांचं 'बुशिदो' हे सामुराई योद्ध्यांच्या आचारधर्मावरचं इंग्रजी पुस्तक गाजलं, आणि १९०५ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत ते स्वतः सांगतात की खानदेशातल्या देव नावाच्या गृहस्थांनी त्याचं मराठी भाषांतर केलंय. यादीत मराठीचं नाव जर्मनच्याही आधी! साप्पोरोच्या शेती कॉलेजातला विद्यार्थी आणि खानदेशातला वाचक, तेही १२० वर्षांपूर्वी.

आणि आपली कृषी विद्यापीठं. अमेरिकेतल्या या जमीन-अनुदानाच्या कॉलेजांचा नमुना समोर ठेवूनच भारतात १९६० मध्ये पंतनगर सुरू झालं, १९६८ मध्ये महाराष्ट्रात राहुरी, मग अकोला, परभणी, दापोली. पुण्याचं कृषी महाविद्यालय त्याच्याही खूप आधीचं. तिथे १९०७ मध्ये प्रिन्सिपल म्हणून आलेल्या हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर गावाचा घरटी, शेतटी अभ्यास करून १९१७ मध्ये छापला, आणि आज तिथे टॉवरच टॉवर आहेत. मान यांच्यासारख्यांचे कागद क्लार्क यांच्या कागदांसारखे एका जागी, यादी करून, घरबसल्या दिसतील असे असायला हवेत असं मला फार वाटतं.

अक्षर वाचता येत नाही, काय करू?

एकाच माणसाची पत्रं सलग वाचा, चार-पाच पत्रांनंतर हात ओळखीचा होतो. न लागलेला शब्द सोडून पुढे जा, पुढच्या पानावर तोच शब्द नीट लिहिलेला सापडतो. तारखेजवळ 'इन्स्ट' दिसलं तर चालू महिना, 'अल्ट' म्हणजे मागचा महिना, 'प्रॉक्स' म्हणजे पुढचा. हे माहीत नसलं की तारखा एक महिन्याने चुकतात आणि सगळा क्रम बिघडतो.

सर्च केलं तर काहीच येत नाही.

जुनी नावं टाका. होक्काइदोसाठी 'येसो', क्लार्कसाठी 'कर्नल क्लार्क' किंवा 'प्रेसिडेंट क्लार्क', कॉलेजसाठी आद्याक्षरं 'एम ए सी'. जपानी नावांची इंग्रजी स्पेलिंग तेव्हा ठरलेली नव्हती, त्यामुळे दोन-तीन तऱ्हेने टाकून बघा, नीजिमा जो यांचं नाव 'नीसीमा' असं सापडतं. ॲमहर्स्टमध्ये क्लार्क यांना भेटलेला पहिला जपानी विद्यार्थी हाच.

स्कॅन माझ्या लेखात वापरू का?

क्लार्क १८८६ मध्ये वारले, अमेरिकेत अप्रकाशित पत्रांवरचा हक्क लेखक गेल्यावर ७० वर्षांनी संपतो, त्यामुळे त्यांच्या पत्रांना अडचण नाही. पण त्याच संग्रहातले नंतरचे लेख, फोटो, टीव्हीचं साहित्य यांना हाच नियम लागत नाही, तिथे विचारून घ्या. आणि संग्रहाचं नाव, बॉक्स, फोल्डर, लायब्ररीचं नाव, एवढं खाली द्याच, नाहीतर तुमच्या मागून येणाऱ्याला तोच कागद पुन्हा पहिल्यापासून शोधावा लागतो.

आजोबा शेती कॉलेजात होते, त्यांच्या वह्या-पत्रं घरी आहेत. टाकून देऊ का?

अजिबात नाही. लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, या दोन गोष्टींनी जितके कागद गेले तितके वाळवीनेही गेले नसतील. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल हळूच काढा. कागद ज्या क्रमाने, ज्या पाकिटात सापडले तसेच राहू द्या, 'नीट लावू' म्हणून तारखेप्रमाणे मांडायला जाऊ नका, कुठला कागद कशासोबत ठेवला होता हीसुद्धा माहितीच असते. घरातल्या वयस्कर माणसांना विचारून फोटोतल्या लोकांची नावं मऊ पेन्सिलीने मागे लिहा, पेनाने नको. मोबाइलवर फोटो काढताना पाकिटाचाही काढा आणि कागदाच्या मागच्या बाजूचाही, पोस्टाचा शिक्का आणि खरी तारीख बऱ्याचदा तिथेच असते.